नावाआधीचा शब्द

निजामपुऱ्यात मोरेकाकांची प्रेस आहे. मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. पत्रिका, शील्ड, बॅनर, सगळं करतो. माणसं मजकूर द्यायला येतात आणि घरचं सगळंच सांगून जातात, मग किस्से साठणारच! त्यात हल्ली सगळ्यांना मान इंग्रजीतच हवा असतो.

*

खारबावचे एक गृहस्थ वास्तुशांतीची पत्रिका घेऊन आले. प्रत्येक पाहुण्याच्या नावाआधी ‘ऑनरेबल’ हवं.

“म्हणजे माननीय ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

“मग मेव्हण्याचं काढा!”

दुसऱ्या दिवशी मेव्हणा दारात. “माझं ऑनरेबल का काढलंत?”

त्याला कोणी सांगितलं? मी नाही, काका नाहीत. आणि ते गृहस्थ तर शपथेवर नाही म्हणत होते!

*

लूमवरच्या कामगारांनी रिटायर होणाऱ्या मुकादमासाठी शील्ड सांगितली. “मॅडम, ट्रिब्यूट लिखो, वजनदार लगता है.”

काका म्हणाले, “अरे, वो मरने के बाद लिखते हैं!” मी मोबाईलवर अर्थ पाहिला: मानवंदना. जिवंत माणसालाही चालतं. छापलं.

दोन दिवसांनी मुकादम स्वतः शील्ड घेऊन आला.

“मॅडम, ये बदल दो. बीवी ने इसपे हार चढ़ा दिया. मैं सामने खड़ा था, उसने मेरी तरफ देखा तक नहीं!”

*

अकलोलीच्या एका मंडळाचे ‘ऑनररी’ अध्यक्ष वारले. तरी दर वर्षी पत्रिकेवर त्यांचंच नाव. मी मजकूर घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला म्हटलं, “आता तरी बदला.”

“पद मानाचा हाय, बाय. मान काय मानसाबरोबर जातो? मीटिंगला खुर्ची ठेवतो, चहाबी ठेवतो.”

“मग तो चहा पितं कोण?”

कार्यकर्त्यानं मजकुराचा कागद माझ्यापुढे सरकवला. “आमी इचारत न्हाय,” म्हणाला.

*

आणि ही गोष्ट काकांच्या घरातली.

काकांचे थोरले भाऊ, बापू, बऱ्याच वर्षांपूर्वी सकाळच्या शिफ्टला म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. यंदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका इंग्रजीत. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आमच्यात मराठीत ‘कालकथित’ लावतात, इंग्रजीत ‘लेट’. बापूंचं काय करायचं?

बापूंच्या पत्नी, वहिनी, माझ्या शेजारी बसल्या होत्या. गळ्यात मंगळसूत्र. काका म्हणाले, “लेट नको. वहिनीचं मंगळसूत्र माझ्या प्रेसमध्ये उतरायला नको.” वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

आमच्याकडे एक रीत आहे. यजमान म्हणून ज्याचं नाव असतं, त्यानं फोनवर ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय छपाई सुरू होत नाही. यजमान तर बापू! काका म्हणाले, “त्याच्या वतीनं मीच म्हणतो.”

मी एकच प्रूफ काढलं. ते अजून टेबलावरच होतं, कोणाला पाठवलं नव्हतं. भरदुपारी फोन वाजला. काकांचे हात शाईचे, म्हणून मी स्पीकर लावला.

“रमेश,” आवाज काकांना म्हणाला, “बाकी बरोबर हाय. माझ्या नावाआधी लेट ऱ्हायलंय.”

फोन बंद झाला. काका खुर्ची धरून उभे होते.

वहिनी रडल्या नाहीत. हात मागे नेऊन त्यांनी मंगळसूत्र सोडलं, प्रूफवर ठेवलं आणि मला म्हणाल्या,

“लाव, बाय. त्यांचाच आवाज हाय.”