सिमेंट फोडलं तो उन्हाळा

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला आपटा गावातल्या आमच्या दगडी घरातला तो उन्हाळा आठवतो. मागच्या खोलीत ओल इतकी चढली होती की कपाटातल्या साड्यांना बुरशी लागायची. थोरले दीर घर बिल्डरला द्यायचं मनाशी ठरवूनच आले. भिंतीला हात लावून म्हणाले, "सडली ही. यात आता काय राहिलं नाय." मी म्हटलं, "दादा, सडलंय ते वरचं सिमेंट. आतल्या दगडाला काय झालेलं नाय." ते हसले. मी पदर खोचला, छिन्नी-हातोडा घेतला आणि त्यांच्यासमोरच गिलावा फोडायला लागले. मोठमोठे पोपडे पडले, आतून सिमेंटने कोंडलेल्या ओलीने काळा पडलेला दगड दिसला. धुळीला कंटाळून दीर ओटीवर जाऊन बसले आणि आमचे हे दुसरा हातोडा घेऊन आले. सगळा उन्हाळा आम्ही उघड्या भिंतींत काढला. येणारेजाणारे नावं ठेवत होते, ती ऐकून घेतली. दगड पुरता सुकल्यावर ओल बाहेर पडू देणारा चुन्याचा गिलावा केला, आणि पावसाळाभर भिंत कोरडी राहिली. दिवाळीला दीर म्हणाले, "तरी घर जुनंच हाय." मी म्हटलं, "हाय. आणि आमी त्यात राहतोय." आता आजूबाजूला टॉवर आलेत. बिल्डरची माणसं अजून येतात. मी त्यांना आत बसवते, पाणी देते आणि नाही म्हणते.