बॉम्बे रोडपर्यंतची ठिणगी

बदलीच्या माणसानं भिंतीला खिळा मारू नये, हा आमच्या ह्यांचा नियम. बँकेनं सांगलीहून कलकत्त्याला पाठवलं तेव्हा ऑर्डरमध्ये तीन वर्षं लिहिली होती. म्हणून बेहालाच्या ह्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घड्याळ फ्रिजवर ठेवलं, कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलं आणि देव्हारा पत्र्याच्या ट्रंकेवर मांडला. टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं, सगळी खोकी माळ्यावर जपून ठेवली, परत जाताना लागतील म्हणून. तीन वर्षं संपली, मुदत वाढली, मग मुलीची बारावी आली, मग तिनं इथलाच जावई आणला आणि हे इथूनच रिटायर झाले. घड्याळ फ्रिजवरच. फ्रिजचं दार जरा जोरात लावलं की ते तोंडावर पडायचं. किती वेळा म्हटलं, अहो, एक खिळा मारा, ही समोरची भिंत मोकळी पडलीय. हे म्हणायचे, आता कशाला, चाललोच ना आपण.

गाडी मात्र सांगलीची. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची, नंबर एमएच दहा. इथं येऊन राहिल्यावर इथला नंबर घ्यायचा असतो हे ह्यांना काय माहीत नव्हतं? चौकात पोलीस हटकायचे, हे बदलीचं पत्र दाखवायचे. रिटायर झाल्यावर पत्रही दाखवता येईना, तेव्हा हात जोडायचे. पण पाटी बदलली नाही. बंगालची पाटी लावली म्हणजे आपण इथलेच झालो, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे दादा मूळचे बागबाजारचे. ते आम्हाला थट्टेनं बर्गी, म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे, म्हणतात. तुम्हाला अडवायला आमच्या पूर्वजांनी खंदक खणला होता, म्हणतात. मी एकदा त्यांना ऐकवलं की ते मराठे शहाणे, लुटून घोड्यावरून परत तरी गेले. आम्ही मोटार घेऊन आलो आणि अडकून बसलो. दादा खूप हसले. हे हसले नाहीत.

तर गाडीची पंधरा वर्षं फाल्गुनात भरत होती. त्यानंतर गाडी चालवायची तर ती जिथं नोंदवली तिथं नेऊन तपासून घ्यायची, नाहीतर तिथली ना-हरकत आणून इथं नोंदवायची. दुसरं ह्यांना मान्यच नव्हतं. मग ह्यांनी ठरवलं की गाडी चालवतच सांगलीला न्यायची, तिथं तपासून घ्यायची आणि आपणही तिथंच राहायचं. विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट कधीचा घेऊन ठेवलेला. मुलगी म्हणाली, बाबा, गाडीला जाऊ दे ना, तुम्ही विमानानं जा, सामान ट्रकनं येईल. बरोबरच होतं तिचं. पण विमानानं माणूस पाहुणा म्हणून जातो, असं ह्यांचं डोकं. ह्यांचे भाऊ गेले, मित्र पांगले. त्या गावात आपल्याला ओळखणारं आता ह्या गाडीशिवाय कोण आहे, असं एकदा जेवताना बोलून गेले आणि मग भाताकडे बघत म्हणाले, "गाडी पोचली तर आपण पोचलो."

मी काय बोलणार? मलाही जायचं होतं. ह्यांच्यापेक्षा जास्त जायचं होतं.

दर रविवारी सकाळी आम्ही दुसऱ्या हुगळी पुलावरून पलीकडे जायचो. हावड्याच्या पुढे जो हमरस्ता लागतो त्याला इथं सगळे बॉम्बे रोड म्हणतात. तो लागला की हे गाडी कडेला घेत, आम्ही मातीच्या भांड्यातला चहा पीत असू आणि माघारी येत असू. ह्याच रस्त्यानं सरळ जायचं, असं हे मला दर वेळी सांगत, जणू मी विसरणार होते. त्या हिवाळ्यात मात्र पुलाचा चढ गाडीला झेपेना. मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे जायचे, गाडी आचके देत वर सरकायची आणि पाठीमागे निळसर धूर. सकाळी सुरू व्हायला तर ती रोजच रुसायची.

मग ह्यांना मोबाइलवर ते व्हिडिओ सापडले. गाडीची ठिणगी बदला, गाडी बदलेल! इंजिनात पेट्रोल पेटवायला जी ठिणगी पडते ती कंपनीच्या साध्या प्लगनं मिळमिळीत पडते म्हणे; भारी प्लग घाला, भारी कॉइल लावा, जाड लाल वायरी घाला, की जुनी गाडी नव्यासारखी धावते, पेट्रोल कमी पिते, थंडीत एका झटक्यात सुरू होते. प्रत्येक व्हिडिओत एक हसतमुख माणूस बॉनेट उघडून उभा. हे आयुष्यभर लोकांची कर्जं नाकारत आले, कागद उन्हात धरून सही तपासणारा माणूस, आणि त्या हसतमुखावर विश्वास ठेवून बसले. मी म्हटलं, त्यानं गाडी विकत घेतलीय का तुमची? तर हे म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही.

पहिल्यांदा प्लग आले. खोक्यावर ज्वाळांचं चित्र. गॅरेजच्या मिस्त्रीनं बसवले आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. सांगलीत पोचल्यावर पहिली भाजी कुठली करायची इथवर माझं मन गेलं. पुढे कळलं ते असं, की जुने प्लग इतके काळे पडले होते की साधे नवे घातले असते तरी हेच झालं असतं. पुलावर काही फरक नव्हता. महिन्याभरात सकाळचं रुसणंही परत सुरू झालं, कारण आतून ऑइल येऊन नवे प्लगही काळे पडायला लागले.

हे थोडेच थांबणार? कॉइल आणि लाल वायरी मागवल्या. शनिवारी गाडी मिस्त्रीकडे ठेवली, संध्याकाळी मिस्त्री बाहेर गेला होता, किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे होती, ती घेऊन हे गाडी घेऊन आले. रविवारी पुलावर चढलो. हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. बघ कशी खेचतेय, म्हणाले, लोण्यासारखी चाललीय. मला तसलं काही जाणवत नव्हतं, पण म्हटलं असेल. येताना खिदिरपूरला भाजी घेतली आणि पिशव्या ठेवायला मी डिकी उघडली, तर आत ते खोकं. सील न तोडलेलं! मिस्त्रीनं काही बसवलंच नव्हतं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या माहेरापासून सगळ्यांना ठाऊक. पण त्या दिवशी मी त्या खोक्यावर बटाट्याची पिशवी ठेवली, डिकी लावली आणि गप्प जाऊन बसले. हे अजून बोटं वाजवत होते. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाडीची नाही, त्या वाजणाऱ्या बोटांची.

सोमवारी मिस्त्रीचाच फोन आला की सामान डिकीत आहे, आणून द्या. ह्यांनी फोन ठेवला, दिवसभर पेपर वाचला. मंगळवारी जाऊन ते बसवून आणलं. पुढच्या रविवारी पुलावर म्हणाले, आता खरा फरक. मग मात्र मी तोंड उघडलं.

"अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

कारण मिस्त्रीचं तोवर सांगून झालं होतं. त्यानं प्लगच्या भोकात काटा लावून इंजिनातला दाब बघितला होता. इंजिन बसलंय, आतल्या रिंगा झिजल्यात, दाबच धरत नाही, ठिणगीनं काय होणार, ते उघडायलाच पाहिजे, असं तो म्हणाला. त्याचं फार काही शहाणपण होतं अशातला भाग नाही. प्लग बसवताना त्यानंच मान डोलावली होती. इंजिन उघडायचं म्हटल्यावर हे तयार होईनात. उघडलं आणि आत काहीच धड निघालं नाही तर? ठिणगीचं बरं असतं. बाहेरून लावता येते, तासाभरात होते, आत बघावं लागत नाही.

फाल्गुन लागला आणि आम्ही निघालो. होय, त्याच गाडीत. मुलगी रडली, भांडली, शेवटी डबा करून दिला. मागच्या सीटवर दोन बॅगा, पापडाचा डबा, खोक्यातला मिक्सर. देव मी ताम्हणासकट धुतलेल्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतले, ते मागे ठेववेनात. पूल कसाबसा चढला. बॉम्बे रोड लागला. नेहमीच्या जागी आम्ही थांबलो नाही, पुढे गेलो, आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं ते तोंड मी अजून विसरलेले नाही. लग्नात सुद्धा एवढं खुललं नव्हतं.

अजून बंगालातच, कोलाघाटच्या अलीकडे गाडीनं खडखड आवाज केला, निळा धूर आरशात मावेना आणि ती गप्प झाली. हे उतरले, बॉनेट उघडलं. मिस्त्रीनं फोनवर सांगितलं की आधी ठिणगी येतेय का बघा. ह्यांनी एक प्लग काढला, लाल वायर त्याला लावून तो लोखंडाला टेकवून धरला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. मी देव माझ्या सीटवर ठेवले, ह्यांच्या सीटवर सरकले आणि किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण नुसतं सैल, हलकं, कशालाच न अडता. मग ह्यांनी प्लग तिथंच टेकवून ठेवला, मला बघायला बोलावलं आणि स्वतः आत हात घालून किल्ली फिरवली. मी पदरानं प्लग धरायला गेले तर ओरडले, म्हणून लांबूनच बघितलं.

ठिणगी पडत होती. जाड, निळी, टचटच वाजणारी, भर उन्हात दिसणारी. त्या हसतमुख माणसानं दाखवली होती अगदी तश्शी.

"बघ," हे म्हणाले, "ठिणगी किती छान आहे."

जाहिरात ठिणगीपुरती खरी निघाली हो! एवढंच काय ते खरं निघालं. ट्रक जाताना गाडी हलत होती आणि हे बॉनेट धरून उभे होते.

संध्याकाळी आम्हाला ओढून आणणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये बसून परत आलो. ड्रायव्हरनं कौतुकानं विचारलं, महाराष्ट्राची गाडी का? हे हो म्हणाले. घरात आल्यावर मी दिवा लावायला गेले आणि थांबले, कारण ट्रंक रिकामी होती आणि देव माझ्या हातात. मला वाटलं हे म्हणतील, राहू दे तसेच, परत निघायचंय. हे चप्पल काढत होते.

"देव मांड," म्हणाले. "आता कुठं जायचं नाही."

पुढच्या आठवड्यात भंगारवाला गाडी घेऊन गेला. हे खाली उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या पिशवीतून त्यांनी हातोडी आणि कागदाच्या पुडीतले खिळे काढले, फ्रिजवरचं घड्याळ उचललं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि मला विचारलं, कुठं लावू? इतकी वर्षं मी ज्या भिंतीकडे बोट दाखवत होते ती समोरच होती. मला हात उचलता येईना. मी म्हटलं, कुठंही लावा.