अठरा ठोके

हे मी कुणापुढं काढलेलं नाही. पोरींपुढं नाही, देवापुढं तर मुळीच नाही — तिथं उभं राहायचीच भीती वाटते. आमची मंडळी जाऊन तीन महिने झाले. आता लिहायला बसलोय.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम कुठलं सांगू? शेवंतीची नाडी मोजली. शेवंती म्हणजे पागेतली तांबडी घोडी. त्यानंतर चाळीस वर्षांवर संसार झाला, पण तसं निर्धास्त काही केल्याचं मला आठवत नाही.

आणीबाणी उठली त्या सुमाराचं हे. मी कोल्हापुरात एका पागेवर मोतद्दार, घोड्यांची चाकरी करणारा. तिथं जनावरांचे एक डॉक्टर यायचे. उड्यांच्या शर्यतीतल्या घोड्यांना मेहनत किती द्यावी, पळाल्यावर त्यांचं काळीज किती वेळात ताळ्यावर येतं, यावर त्यांचं संशोधन चाललेलं. मला दुसरीच्या पुढं शाळा नाही, घड्याळ कळत नव्हतं. मग आम्ही वाटून घेतलेलं. मी घोडीच्या जबड्याखाली बोट ठेवून ठोके मोजायचे. ही चौथी पास. ही डॉक्टरांचं घड्याळ मनगटाला बांधून "हं" म्हणायची, आणि सेकंदकाटा बारावरून तीनवर आला की "बास". पंधरा सेकंद. मी सांगेन तो आकडा ती वहीत लिहायची. बारा आला तर घोडी ताजी. चौदाच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी दौड बंद.

त्या दिवशी शेवंतीला नुसतं चालवून आणायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी चढावरची मोठी दौड होती. कळंब्याच्या वाटेवर ओळखीचा टांगेवाला भेटला. म्हणतो, "काय मोतद्दार, घोडं हाय का बाळंतीण? नाडी बघून बघून चालिवतासा!" झालं, माझं टाळकं फिरलं. घातली टाच. तळ्यापर्यंत आणि परत. टांगा कुठल्या कुठं मागं राहिला. मी हसत होतो — हसत होतो बघा.

पागेवर तासभर फिरवून घोडी गार केली, अंग पुसून कोरडं केलं. वरून काही दिसत नव्हतं. ही पदराला हात पुसत आली, घड्याळ बांधलं. "हं." बोटाखाली नुसती धडधड. "बास."

अठरा.

"किती वो?"

"बारा," मी म्हणालो.

तिनं बारा लिहिलं. "गुणाची गं बाई माझी," म्हणून शेवंतीच्या कपाळावरून हात फिरवला.

का बोललो खोटं? भ्यालो. अठरा म्हटलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, कुठं पळवलीस? माणूस तापट. नोकरी गेली असती, पागेमागची खोली गेली असती. पण सकाळपर्यंत वेळ होता की. जाऊन खरं सांगता आलं असतं. गेलो का? नाही.

सकाळचं सांगायचंय, पण जीभ वळत नाही. आधी पुढचं सांगतो. त्यानंतर हिनं हाताला कधी घड्याळ बांधलं नाही. थोरल्या जावयानं हौसेनं आणलं, ते डबीतच राहिलं. घरात भिंतीवर घड्याळ असताना एसटीची वेळ झाली का म्हणून शेजारणीला विचारायची. दवाखान्यात, शेवटी शेवटी, सलाईनचा हात जरा उचलून मला म्हणाली, "अवो, मी खरंच दोनावर बास म्हटलं हुतं का? मला तर तीन दिसलेलं." मी काय म्हणालो असेन? "असू दे की आता." एवढंच. तेव्हाही भ्यालो — मरायला टेकलेल्या बाईला भ्यालो.

ती सकाळ. दौडीनंतरचे ठोके घ्यायला आम्ही दोघं चढाच्या कडेला उभे होतो, घड्याळ हिच्या मनगटाला. निम्मा चढ झाला आणि शेवंती पुढच्या गुडघ्यांवर बसली. स्वार बाजूला फेकला गेला, तो उठला. ती उठली नाही. डॉक्टर तिच्या मानेपाशी बसले, कान लावला, मग वही मागितली.

"काल बारा? शक्य नाही. कुणी मोजले?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी बोट केलं — ज्या बोटानं मोजले तेच — हिच्याकडं.

"बोट माझं साहेब, पर घड्याळ हिच्याकडं. तीनाच्या ऐवजी दोनावरच बास म्हणाली असंल. बाईमाणूस, गडबड केली असंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं. पट्टा सोडला, घड्याळ डॉक्टरांच्या वहीवर ठेवलं आणि म्हणाली, "चुकलं साहेब."

मी शेवंतीचं खोगीर सोडायला वाकलो. पट्टा सुटला, तरी वाकूनच राहिलो.