कोच हाकलणारा कोल्हापूरकर

परक्याच्या घरच्या कारभारात आमच्या वरच्या खोलीतल्या कोल्हापूरकराएवढा जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नाही, आणि आता जमिनी विकून सगळे रिकामेच बसलेत तरी होणार नाही. विलायतेत कुठंतरी एक फुटबॉलचा क्लब आहे. तिथं हा कधी गेला नाही, जाईलसं वाटत नाही, आणि तिथल्या एका कुत्र्यालाही ह्याचं नाव ठाऊक नाही. पण त्या क्लबाचा कोच कोण असावा, त्या कोचला नेमलं कोणी, नेमणाऱ्याला कोणी नेमलं आणि त्याला अक्कल किती, ह्या काळजीनं हा माणूस हिंजवडीशेजारच्या आमच्या माण गावात माझ्या जिन्यात दात घासता घासता थांबतो. तोंडात फेस, हातात मोबाईल, आणि डोळे असे की घरून वाईट फोन आला असावा. पहिल्यांदा मी घाबरलोच. विचारलं, बाबा, कोण गेलं? तो खाली गुळणी टाकून म्हणाला, "कोण गेलं न्हाई मामा, त्येच तर दुखणं हाय. अजून ठेवलाय त्येला."

आयटीत कामाला आहे. काय काम करतो ते मला अजून समजलेलं नाही, आणि त्यालाही नीट सांगता येत नाही. स्वतःच्या कंपनीत साहेब बदलला तर ह्याला चहाच्या टपरीवर कळतं, पण विलायतेतल्या त्या क्लबात कपडे धुणारा बदलला तरी हा कॅबमधून उतरायच्या आत मला सांगायला तयार. असं का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणतो, आमच्या कोल्हापुरात पोराच्या पाळण्यावर चिमण्या टांगत न्हाईत, बॉल टांगतात. असेल. आमच्याकडं कुस्ती. वस्ताद वाईट निघाला तर पोरं दुसऱ्या तालमीत जातात, घरी बसून वस्तादाच्या नेमणुकीवर भाषण करत नाहीत.

दर रविवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर त्या क्लबाची सभा भरते. आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं येतात, सगळ्यांच्या अंगात तांबडे बनियन, पाठीवर दुसऱ्याची नावं. बायको-लेकराचं नाव कुणाच्या पाठीवर मी पाहिलं नाही. अध्यक्ष मी. कारण ओटा माझा आहे आणि मला उठवता येत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की जाळीत गेला की ओरडायचं. पण कमिट्या मला कळतात. आमच्या यात्रेला तमाशाचा फड ठरवायला कमिटी बसते, तेव्हा असंच असतं. ज्यानं ढोलकीला कधी हात लावला नाही तो ढोलकीवाल्याला नावं ठेवतो, आणि फड पडला की सुपारी कोणी दिली ह्यावर वर्षभर भांडण. हे मी सभेत सांगितलं तर कोल्हापूरकर उठून उभा राहिला आणि म्हणाला, मामांनी एका वाक्यात क्लबाचं सगळं मॅनेजमेंट सांगितलं, टाळ्या वाजवा. पोरांनी वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

विरोधी पक्षाचा पुढारी म्हणजे एक चष्मेवाला नांदेडकर. तो शेजारच्या चांदे गावातून गाडी मारत फक्त भांडायला येतो. त्याचं म्हणणं, कोच बिचारा काय करणार, वरचे साहेब खेळाडूच भंगार आणतात. कोल्हापूरकराचं म्हणणं, साहेब भंगार हायतच, पण कोचला आधी काढा, साहेबांचं मग बघू. ह्याला कोच काढायची भारी घाई. नव्या कोचनं पहिल्या मॅचला कोटाची गुंडी लावली नाही म्हणून हा पंधरा मिनिटांत त्याच्या जागी तिसरा माणूस नेमून मोकळा झाला होता. ह्याच्या जिभेवर नुसतं एक नाव गोड, त्या जुन्या कोचचं. तो म्हातारा म्हणे वर्षानुवर्षं क्लब चालवून आपल्या पायानं घरी गेला, आणि तेव्हापासून जो येतो तो त्याच्यापुढं फिका. जुना असता तर असं केलं असतं, जुना असता तर तसं. एकदा मी म्हणालो, अरे, मग त्या जुन्यालाच फोन लाव. तो इतका गंभीर झाला की मला वाटलं खरंच नंबर शोधतोय.

एकदा मात्र ह्यानं कहर केला. नवा कोच नेमला गेला आणि तो ह्याच्या मनासारखा निघाला, हा प्रकार पहिल्यांदाच घडला होता. आनंदाच्या भरात ह्यानं चौकात फ्लेक्स लावला. मधे तो गोरा, कोट-टाय, हाताची घडी. वर ‘कणखर नेतृत्व, फुटबॉलरत्न, निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन’. आणि खाली शुभेच्छुकांत टोपी घातलेला, हात जोडलेला मी. आमच्या गावात फ्लेक्सवर कोटवाला अनोळखी माणूस म्हणजे बिल्डर, आणि बिल्डरच्या खाली हात जोडलेला गाववाला म्हणजे व्यवहार झालेला. फुटबॉल हा शब्द कोणी वाचलाच नाही. दुपारच्या आत माझे पुतणे ओट्यावर हजर, कारण ओढ्याकडच्या तुकड्याचा सातबारा अजून सामाईक आहे. थोरला म्हणाला, आमच्या सह्या न घेता गोऱ्याला जमीन दिलीच कशी. मी म्हणालो, तो बॉलवाला आहे. तो म्हणाला, पहिल्यांदा सगळे तसंच सांगतात. आणखी दोघेजण गुपचूप मागच्या दारानं येऊन साहेब कधी भेटतील ते विचारून गेले, त्यांनाही आपले तुकडे विकायचे होते. शेवटी आमची ही बाहेर आली, पुतण्यांच्या हातात चहा दिला, चौकाकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो जमीन काय घेतोय, ह्यो त्या नोकरीत बी टिकायचा न्हाई. हसता येत न्हाई मेल्याला." भात पोटरीत यायच्या आत, म्हणजे दोन-तीन महिन्यांतच, क्लबानं त्याला काढला. कोल्हापूरकर तेव्हापासून कुठलीही नेमणूक झाली की आधी मोबाईल घेऊन हिच्याकडं यायचा. मामी, फोटो बघा, हसतोय का. आणि ही तांदूळ निवडता निवडता एकेकाला नापास करायची.

गेल्या उन्हाळ्यात ही गेली. त्यावर मला काही लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो, की घरात भांड्याचा आवाज बंद झाला आणि माझं जेवण सुटलं. पोरगा पुण्यात असतो. तो आला, माझा सदरा अंगावर कसा लोंबतोय ते बघितलं आणि म्हणाला, दिवाळीपर्यंत बघतो, तोवर तुम्ही धड जेवायला लागला नाहीत तर खाली कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडं. त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तिथं गेलेला म्हातारा माणूस परत गावात आलेला मी तरी पाहिलेला नाही. स्वयंपाकाला बाई लावा, असं पोरगा सांगून गेला खरा, पण लावायची कोणी? मी तर बसूनच होतो.

मग ते काम कोल्हापूरकरानं अंगावर घेतलं, आणि एवढी वर्षं त्या क्लबानं ज्याचं ऐकलं नाही त्याला शेवटी नेमणूक करायला मिळाली. रविवारच्या सभेत विषय आला. नांदेडकर म्हणाला, आधी ठरवा, घरची चव पाहिजे का नवी पद्धत. दुसरा म्हणाला, बाई अनुभवी पाहिजे, मोठ्या घरात काम केलेली. कोल्हापूरकर म्हणाला, दबावात खेळणारी पाहिजे, मामा बोलतात लई. मुलाखतीही ओट्यावरच झाल्या. एका बाईला ह्यानं विचारलं, की आमटी पातळ झाली आणि पाहुणे दारात, तर तुमचा प्लॅन काय. ती बाई पदर खोचून उठली आणि परत आली नाही.

पहिली आली ती पोळ्या करायची. आमच्या घरात रोज तांदळाची भाकरी. मी ताट सरकवलं. दुसरीची आमटी चांगली होती, पण ती कानाला फोन लावून फोडणी द्यायची, आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाशी तरी चाललेलं बोलणं मला ऐकवेना. तिलाही नको म्हणालो. तिसरी परभणीकडची, नवरा हिंजवडीत कंपनीच्या गेटवर उभा असतो. गरीब, बोलायला गोड. ज्वारीची भाकरी ती अशी थापते की बघत राहावं. पण तांदळाची करायला घेतली की तव्यावर टाकताना मधोमध तुटायची. का तुटते ते मला ठाऊक होतं. आमच्या हिला एवढी वर्षं करताना बघितलं होतं मी. पण मी कशाला सांगू. तुकडे ताटात आले की मी कोल्हापूरकराकडं बघायचो, बघ, तुझी नेमणूक.

एका संध्याकाळी मी म्हणालो, उद्यापासून ह्या बाईला नको म्हणून सांग. तो माझ्यासमोर पायरीवर बसला. मोबाईल उलटा करून बाजूला ठेवला, हेच मोठं नवल. मग म्हणाला, "मामा, एक बोलू? तुमी आमच्या क्लबासारखं कराय लागलायसा. जुनी गेली, आता जी येईल तिला तुमी जुनीशी ताडून हाकलणार. अशानं कोणच टिकायचं न्हाई."

मी भडकलो. म्हणालो, "हे तू सांगतोयस व्हय मला? तुझ्या तोंडाला कोचांचं रक्त लागलंय. तू आधी तुझा कोच ठिव, मग मी माझी बाई ठिवतो."

मला वाटलं, गप्प बसेल. तो उठला, हात पुढं केला आणि म्हणाला, ठरलं. दिवाळीपर्यंत दोघांनीही कुणाला काढा म्हणायचं नाही. जो आधी म्हणेल तो हरला. आणि माझ्याकडं रोखून बघून पुढं म्हणाला, की हरलात तर पोराकडं जायची पिशवी मी स्वतः भरून देणार.

मी मनात हसलो. हा माणूस आठवडा काढणार नाही, ह्याची मला खात्री होती. आणि मीही काही कमी नव्हतो. सकाळी हा जिन्यातून उतरला की मी मुद्दाम विचारायचो, काय रे, काल कोणी चार मारले तुम्हाला? हा दात खाऊन म्हणायचा, वेळ द्यायला पाहिजे मामा. आणि त्या मोसमात त्या कोचनं असं काही करून दाखवलं की मलासुद्धा दया यावी. आपल्याच माणसानं आपल्याच जाळीत बॉल घातलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. कोल्हापूरकर टीव्हीसमोर बसून स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. ह्याच्या बदल्यात रात्रीच्या जेवणाला हा खाली यायचा, माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा आणि तुटकी भाकरी चवीनं खाऊन विचारायचा, काय मामा, काही बोलायचंय का? मी म्हणायचो, न्हाई बाबा, झकास हाय. अर्धी भाकरी तरी पोटात जायची, ती ह्या चिडीनं.

दिवाळी तोंडावर आली आणि तो क्लब एका कुठल्याशा फुटकळ टीमकडून असा हरला की रविवारी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. सगळे चिडलेले. नांदेडकर, एवढी वर्षं ज्यानं प्रत्येक कोचची बाजू घेतली, तोच उभा राहिला आणि म्हणाला, आता बास, क्लबाच्या साहेबांना आपण मेल टाकायचा, ह्याला काढा. सगळ्यांचे हात वर गेले. एकाचा सोडून. कोल्हापूरकर भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. पोरं त्याच्याकडं बघायला लागली. कोच काढायचा म्हटल्यावर पहिला हात ज्याचा, त्याचाच हात नाही. नांदेडकर म्हणाला, "कामून रे, बरं नाही का तुला? इतके दिवस तूच तर ह्या दिवसाची वाट बघायलास."

"ऱ्हाऊ दे त्येला," कोल्हापूरकर म्हणाला. "एकदम जमत न्हाई माणसाला. दुसऱ्याच्या जागी उभं ऱ्हायचं असतंय."

पोरं हसली. कोणी म्हणालं, कोचनं ह्याला मेजवानी दिली असेल. कोणी म्हणालं, ह्याचा बनियन काढून घ्या. ज्यानं एक शब्द कधी ऐकून घेतला नाही, तो मान खाली घालून सगळं ऐकत होता. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. एक शब्द बोलला असता, की मामांशी पैज लागली आहे, तर सुटला असता. बोलला नाही. अध्यक्षांचं मत काय, म्हणून मला विचारलं गेलं. मी म्हणालो, मत विचारून घ्या त्या साहेबांनाच, मला आत काम आहे. आणि उठलो.

आत बाई भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं परातीतली भाकरी उचलली, तव्यावर टाकायला गेली आणि ती हातातच फाटली. तिनं माझ्याकडं बघितलं, पोरीसारखं. म्हणाली, "मामा, ही काई केल्या ऐकंना. तुम्हाला दुसरी बाई बघायची असंल तर सांगा, मी राग नाई धरायची."

मी चुलीजवळचा पाट ओढला आणि बसलो. त्या पाटावर मी उन्हाळ्यापासून बसलो नव्हतो.

म्हणालो, "पीठ गार पान्यात मळू नगंस. पानी उकळून घे, चिमूटभर मीठ टाक, मग पीठ सोड आन झाकून ठिव. हाताला सोसंल तवा मळ. मग न्हाई तुटत."

तिनं पातेलं ठेवलं. पाण्याला आधण आलं, तिनं मीठ-पीठ सोडून झाकलं आणि निवल्यावर मळून नवी भाकरी थापली. बाहेर ओट्यावर ओरडा चालूच होता. भाकरी तव्यावर पडली, तिच्या कडा सुटल्या, आणि ती मधोमध फुगायला लागली. बाई तोंडावर पदर धरून हसली आणि म्हणाली, एवढं सोपं व्हतं, तर आधी का नाई सांगितलं.

मी ताट घेतलं. म्हणालो, "दोन टाक. आन ओट्यावरनं त्या कोल्हापूरकराला हाक मार, त्यो बी जेवला नसंल."