थंड पाइपावरचा चटका

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझं कामच मोजायचं. पाइप न कापता, बाहेरून अल्ट्रासोनिक मीटर लावून त्याची भिंत किती झिजली ते बघायचं. मीटर दाखवतं तेच खरं… असं मी मानायचे.

वसमतजवळच्या एका साखर कारखान्यात हंगामाआधीची तपासणी होती. बॉयलर कित्येक महिने बंद. दुपारी वाफ सोडून चाचणी घ्यायची होती. मी मचाणावर चढून वाफेच्या पाइपावर खुणा केलेल्या जागा तपासत होते. मीटरच्या टोकाला, प्रोबला, जेल लावायला हातमोजा काढला, तोल सांभाळायला उघडा हात पाइपाच्या वळणावर टेकवला आणि ओरडलेच! तापल्या तव्याला हात लागावा तसा चटका.

खालून फिटर गंगाधरमामा धावत वर आले. त्यांनी त्याच जागी हात ठेवला.

"ताई, थंडगार हाय की! वाफच न्हाई तर तापंल कशानं?"

मीही परत हात लावला. खरंच थंड. पण तळहात लालबुंद झाला होता…

खुणेच्या सगळ्या जागा ठीक निघाल्या. वळणाच्या त्या बाजूला खूणच नव्हती. खाली उतरले, डबा उघडला. सारखी नजर वर. त्या वळणाच्या बरोबर खाली मामांची माणसं जेवत बसली होती. शेवटी मी परत शिडीकडे निघाले.

कारखान्याचे इंजिनिअर वैतागले. "सगळं बराबर हाय म्हणालात ना? मग काहून पुन्हा चढून राहिल्या?"

"एकच जागा राहिली," म्हटलं.

चटका बसलेल्या जागी प्रोब ठेवला. जाडीचा आकडा एकदम खाली. वाटलं मीटर बिघडलं – माहीत जाडीच्या नमुन्याच्या ठोकळ्यावर तपासलं, बरोबर होतं. परत लावलं. तेच.

"मामा, माणसं हलवा तिथून!"

चाचणी थांबली. तो तुकडा कापून काढला. बाहेरून गुळगुळीत, आतून मात्र झिजून पत्र्यासारखा पातळ. मामांनी तो हातात घेऊन आतून बोटानं चाचपला. मग एवढंच म्हणाले, "आमी रोज तिथंच बसतो, ताई."

संध्याकाळी डॉक्टरांनी हात बघून विचारलं, "वाफेनं भाजलं का?"

मी "हो" म्हणाले.

पाइप का झिजला ते नंतर कळलं – वाफेबरोबर येणारं पाणी त्या वळणावर आदळायचं. पण वाफच नसताना माझा हात कशानं भाजला? बऱ्याच जणांना विचारून झालं. अजून कोणाला सांगता आलेलं नाही.