टँकला हात लावायचा नाही

कृष्णोजी अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी माती असायची. गोळ्यांच्या रिकाम्या डब्या ते त्यासाठी जपून ठेवत आणि प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात जागेचं नाव लिहीत. भाजी आणायला निघाले तरी वाटेत रस्ता खणलेला दिसला की थांबायचे, वाकायचे, चिमूटभर माती बोटांत चोळून बघायचे आणि पसंत पडली तर डबीत भरायचे. बेंगळुरूत खणलेल्या रस्त्यांना तोटा नाही, त्यामुळे दोन गड्ड्या पालक आणायला त्यांना पाऊण तास लागे. मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवांना कुंड्यांचा नाद दिसतोय. अंगणात एकही कुंडी नव्हती, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

घर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलाखालून आत वळणाऱ्या एका गल्लीत होतं. मी पुण्याची. कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम, दिवसभर कानावर हिंदी आणि इंग्रजी. दलाल म्हणाला, मालक मराठी आहेत, आणि मी घर न बघताच हो म्हणून टाकलं. मालक मराठी होते खरे, पण त्यांचे पूर्वज कधीकाळी घोडदळाबरोबर इकडे आलेले. "आमचे लोक इथं घोड्यावरून उतरले की," अण्णा सांगायचे, "परत चढायचं राहूनच गेलं." सत्तरी उलटलेली, लग्न केलेलं नाही, सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या रंगकाम विभागात झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'अक्का' म्हटलं. मी त्यांच्या नातीच्या वयाची, त्यामुळे आधी दचकले. मग कळलं की इकडे बाईमाणसाला मान द्यायची ती रीत आहे.

किल्ली हातात देताना त्यांनी एकच अट घातली. "काय पाहिजे ते शिजव, गाणी लाव, मैत्रिणी बोलाव. टँकला तेवढा हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं. या शहरात पाण्याचे काय हाल असतात ते मी ऐकून होते. घरमालकाचा जीव गच्चीवरच्या टाकीत अडकलेला असावा, हे मला अगदी रास्त वाटलं.

आणि मी तो शब्द पाळला. एका रविवारी अण्णा बाहेर गेलेले असताना टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून धबाधबा खाली येत होतं, पंपाचं बटण माझ्या हाताशी होतं आणि मी हाताची घडी घालून उभी होते. शेवटी शेजारच्या बाई ओरडत आल्या आणि बटण बंद करून, माझ्याकडे एक कटाक्ष टाकून निघून गेल्या. मला मात्र स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

चार महिने असे गेले आणि दसरा आला. इकडे नवमीला आयुधपूजा जोरात असते. आमच्याकडे खंडेनवमीला वडील घरातली कात्री आणि पान्हे धुऊन पुढ्यात मांडायचे, पण इथे बस, रिक्षा, लॉऱ्या सगळ्यांना अंघोळ. झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं. गाडी लिंबावरून पुढे गेली की पूजा पुरी झाली. आदल्या दिवशी सकाळी अण्णा खालच्या घराची किल्ली घेऊन वर आले.

"वैनीला आणायला आनेकलला जातोय, अक्का. संध्याकाळपर्यंत येतो. बादली आणि फडकं दाराशी आहे, झालं की आत ठेव. उद्या पूजा. तेवढ्यात गाड्या स्वल्प धुऊन ठेवशील का?"

मी माझी स्कूटर धुतली, त्यांची धुतली, आणि बादली ठेवायला म्हणून त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाय टाकला. पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात अकरा रणगाडे होते. खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे, दोन्ही तळहातांवर मावतील असे. पण काय ती अवस्था! चाकांवरच्या पट्ट्या चिखलाने बरबटलेल्या, मागची नळकांडी गंजलेली, वर बोटभर धूळ. एकटा माणूस, नजर अधू झालेली, पुसायला कोण आहे? आणि गाड्या म्हणाले होते ना? या गाड्याच होत्या.

मी भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन मोरीत बसले. दोन तास घासत होते. आधी लाल पाणी गेलं, मग काळं. शेवटच्या रणगाड्यावरची माती वेगळीच होती, भुरकट पिवळी आणि वाळूसारखी. ती तर नुसत्या धारेखालीच सुटली. वर्तमानपत्र पसरून मी अकराच्या अकरा ओळीने वाळत घातले. इतके लख्ख की स्वतःवरच खूश झाले.

अण्णा पाच वाजता आले. बरोबर त्यांची वहिनी, ऐंशीच्या घरातली, कापडी पिशवी छातीशी धरलेली. अण्णा दारातच थांबले. मग खाली बसले आणि शेवटचा रणगाडा उचलून त्यांनी उलटा करून बघितला, नाकाशी धरला.

"हे पाणी कुठं गेलं?"

"मोरीत."

"टँकला हात लावू नको म्हणालो होतो की गं."

"नाही लावला अण्णा!" मी कळवळून म्हटलं. "देवाशप्पथ नाही लावला. भरून वाहत होता, जिन्यात पाणी आलं, तरी लावला नाही. विचारा शेजारच्यांना!"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर सावकाश छताकडे गेली, परत माझ्याकडे आली, आणि त्यांच्या तोंडून फक्त "अय्यो" एवढंच निघालं.

वहिनींना कशाचाच पत्ता नव्हता. त्या टेकल्या आणि त्यांनी विचारलं, "कृष्णा, ह्यांची गाडी कुठली?"

अण्णांनी हातातला रणगाडा त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, फिरवून बघितला. "आणि माती?"

"गोंद स्वल्प कमी पडला वैनी. मीच कमी लावला. सुटली माती."

माझ्याकडे न बघता त्यांनी हे म्हटलं, आणि आपल्या हातून काहीतरी भलतंच झालंय हे मला तेव्हा कळलं. काय झालंय ते वहिनींनी सांगितलं. अण्णांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, सैन्यात रणगाडा चालवायचे. बारा वर्षांनी परत आले आणि पुढे आनेकलच्या बसवर ड्रायव्हर झाले. रणगाड्याबद्दल घरात कधी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त बूट आणले होते ते माळ्यावर ठेवले, आणि ते कुणाला पुसू दिले नाहीत. ते गेल्यावर माळा आवरताना अण्णांनी त्या बुटांचे तळवे सुरीने खरवडले. अर्धी डबी माती निघाली. अण्णांनी दोन वर्षं खपून दादांची गाडी तयार केली आणि ती माती तिच्या पट्ट्यांना लावली. वहिनी तेवढंच बघायला आल्या होत्या.

"आजी, मी धुतली," मी म्हटलं. "गोंदाचं काही नाही. मी साबण लावून धुतली." आणि मी भोकाड पसरलं. तिशीच्या बाईला शोभणार नाही असं रडले.

वहिनी म्हणाल्या, "आयुधपूजेला हे आपली बस कुणाला धुवू द्यायचे नाहीत. चाकाच्या आत हात घालून स्वतः धुवायचे. आज दुसऱ्यानं धुतली. सरी, ठीक आहे." त्यांनी पदराने तोफेच्या नळीवरचं पाणी टिपलं. त्यांनी मला क्षमा केली असं मला वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पूजा मांडली. अकरा गाड्यांना कुंकवाचा ठिपका, काडीच्या टोकाने लावलेला. लिंबाच्या जागी मोहरीचे दाणे, पिवळा रंग देऊन हिरवट छटा काढलेले. "लिंबाचा पस्तिसावा भाग म्हणजे मोहरीच की," ते म्हणाले. आठवडाभर आधी त्यांनी ते रंगवून ठेवले होते. दादांची गाडी त्यांनी वहिनींच्या पुढ्यात ठेवली. वहिनींनी एका बोटाने ती ढकलली. दाणा फुटल्याचा बारीकसा आवाज झाला.

आता घर सोडायला सांगणार म्हणून मी सामान बांधायच्या तयारीत होते. अण्णा वर आले आणि म्हणाले, "रविवारी खाली ये. तू अकरा गाड्या नव्या करून ठेवल्यास. नवी गाडी खोटी दिसते. मळवायला लागतील."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं माझे रविवार रणगाडे मळवण्यात गेले. घरच्यांना फोनवर सांगायची सोय नव्हती. मातीत डिंकाचं पाणी घालून ती पट्ट्यांत भरायची, वाळली की अर्धी झटकायची. गंजासाठी तपकिरी रंग स्पंजाच्या कपच्याने टेकवायचा. मी उत्साहाने जिथे तिथे गंज चढवायला लागले की अण्णा माझं मनगट धरायचे. "गंज तुझ्या आवडीनं येत नाही, अक्का. पाणी कुठं थांबतं बघ. तिथं येतो." माती कशी बसते हे दाखवायला त्यांनी मला एकदा रस्त्याकडेला तासभर उभं केलं आणि येणारे-जाणारे पाण्याचे टँकर बघायला लावलं. "खालून वर चढते बघ. दार उघडतात तिथं हातानं पुसली जाते. माणूस कुठं हात लावतो ते कळलं पाहिजे." चिकटवून बंद केल्यावर कुणाच्या बापाला दिसणार नाही अशा आतल्या भागातही ते खुर्च्या, तरफा, पायाखालचे दांडे, एक टॉवेल आणि एक पाण्याची बाटली बसवायचे. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "आत माणूस बसतो की."

त्यांचा खरा मंत्र मात्र एकच शब्द होता. साकु. म्हणजे पुरे. या कामात हात थांबत नाही. आणखी थोडी धूळ, आणखी एक ओरखडा, असं करत करत गाडीचा उकिरडा होतो. अण्णा अचानक माझ्या हातातला ब्रश काढून घ्यायचे. "साकु. मळवता कुणालाही येतं. साकु म्हणायला वर्षं लागतात." ऑफिसात मला या शब्दाचा फार उपयोग झाला, पण ते असो.

दहा गाड्या पुन्हा मळल्या. दादांची तशीच लख्ख राहिली. मी एकदा धीर करून म्हटलं, आनेकलची माती लावू या का, तिथे ते तीस वर्षं राहिले. अण्णांनी मान हलवली. "दुसरी माती लावली की दुसऱ्याची गाडी." मग थोड्या वेळाने, ब्रश पुसता पुसता, ते सांगू लागले. "दादा कधी बोलला नाही. बारा वर्षं कुठं बसला होता, तेवढं बघायचं होतं मला. म्हणून हा नाद लागला. त्याची जागा केली तेव्हा पायाच्या दांड्याशी त्याच्या बुटांतली चिमूटभर माती टाकली होती. मग वरून झाकण चिकटवलं."

मी ताडकन उठले. "म्हणजे आत आहे! अण्णा, उघडू या! आत्ता उघडू या!"

"फटीतून पाणी आत गेलं असेल तर?"

मी परत खाली बसले.

"आता आहे असं म्हणता येतं," अण्णा म्हणाले. "उघडल्यावर म्हणता येईलच असं नाही. वैनीला सांगितलं मी. ती पण म्हणाली, साकु."

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून खुर्चीत टेकले ते उठले नाहीत. टेबलावर डबी उघडी होती, तिच्यावर आमच्याच गल्लीचं नाव होतं. मला वडील गेले तेव्हा जसं झालं होतं तसंच झालं. तेराव्यानंतर वहिनींनी दहा गाड्या नातेवाईकांत वाटल्या आणि अकरावी माझ्या हातात दिली. "तू धुतलीस. तूच सांभाळ."

घर आता वहिनींच्या मुलाकडे आहे, पण त्याने मला वरच राहू दिलंय. यंदा दसऱ्याला आई पुण्याहून आली. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी ती अंघोळीला गेलेली असताना मी दादांची गाडी खाली काढली. बारीक सुरी घेतली. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झाकणाला एका बाजूने गोंद सुटत आला होता. एक टोक सरकवलं असतं तरी निघालं असतं. मी गाडी जराशी कलती केली आणि आत काहीतरी सरकलं. माती असेल, गोंदाचा खडा असेल, ती पाण्याची बाटलीही असेल. मी सुरी खाली ठेवली. "साकु," मी मोठ्याने म्हटलं, आणि गाडी परत फळीवर ठेवून पट्ट्यांखाली अण्णांनी रंगवलेल्या मोहरीतले उरलेले दोन दाणे मांडले.

झेंडू आणायला बाहेर पडताना बघितलं तर आई पदर खोचून, बादली आणि फडकं घेऊन तयार होती.

"आई, काय धुवायचं ते धू," मी म्हटलं. "टँकला तेवढा हात लावायचा नाही."

"मी कशाला मरायला गच्चीवर जातेय?" आई म्हणाली.

मी पायातली चप्पल काढली, परत आत आले, तिच्या हातातली बादली घेतली आणि तिला खुर्चीत बसवून अण्णांच्या खिशातल्या मातीपासून सगळं सांगितलं.