गोदामाच्या दारावरचा खडू

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण तिच्यात मी फारसा चांगला दिसत नाही.

वसईतल्या आमच्या मंडप-खुर्च्यांच्या गोदामात राजोडीच्या एक बाई नोंदी ठेवायच्या. माझ्या मुलाने वर्षाच्या वर्गणीचं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं आणि कोणत्या लग्नाला काय सामान जायचंय ते मला घरबसल्या मोबाइलवर दिसू लागलं. एकच शामियाना दोघांना कबूल करणं थांबलं. बाई ते शिकल्या, पण रोजच्या ऑर्डरी गोदामाच्या दारावर खडूनेही लिहीत राहिल्या. गोदामातल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं चक्र फिरत बसलं की म्हणायच्या, "शेट, याला घेरी आली. जरा पानी पाजा."

एकदा चार लग्नांच्या सकाळीच ते सॉफ्टवेअर बंद पडलं. वर्गणी भरायची आठवण माझ्या मोबाइलवर तीनदा आली होती. मी ती न वाचताच पुसली होती. टेम्पो खोळंबले, गिऱ्हाइकं तापली. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "बाई, काय दाबलंत तुम्ही?"

'वर्गणी संपली आहे' असं स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं, स्क्रीन भिंतीकडे वळवली आणि म्हणाल्या, "बोट जाड हाय ना माजं." मग दारावरचं वाचून चारही टेम्पो रवाना केले. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकं हसत विचारायची, "बाई, आज बोट कुठं ठेवलंय?"

आता त्या घरीच असतात. दर दिवाळीला माफी मागायचं ठरवून मी राजोडीला जातो. त्या विचारतात, "शेट, घेरी थांबली का त्याची?" मी हो म्हणतो, करंज्या खातो आणि माफीऐवजी खडूची पेटी ठेवून निघतो.